लहान बेट, अफाट समुद्र आणि मोजता न येणारे मासे

डिसेंबर २०२२ मध्ये जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी एक उद्दिष्ट मान्य केलं. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. त्याच्या थोडं आधीपासूनच एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या बेटांची नावं बातम्यांत दिसू लागली आहेत. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटराष्ट्राने आपला ८० टक्के समुद्र मासेमारीला बंद करणारा कायदा २०२० मध्ये लागू केला. दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाने २०१९ मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात व्यापारी मासेमारीला मनाई केली. त्याच महासागरातल्या, जेमतेम अडीचशे वस्तीच्या ट्रिस्टन दा कुन्हा या द्वीपसमूहाने २०२० मध्ये जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटर समुद्र राखीव असल्याचं जाहीर केलं.

आकडे वाचून छाती दडपते आणि पाठोपाठ प्रश्न पडतात. एवढ्याशा बेटाकडे एवढा समुद्र आला कुठून? पोटासाठी जाळं टाकणाऱ्यावर बंधनं येतात, मग सुट्टीत गळ घेऊन बसणाऱ्याचं काय? आणि मुळात पाण्याखाली किती मासे आहेत, हे कळतं तरी कसं?

### बेट एवढंसं, समुद्र एवढा कसा?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या माशांवर त्या किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो. या पट्ट्याला विशेष आर्थिक क्षेत्र म्हणतात. माणसाला राहता येणार नाही अशा नुसत्या खडकाला हा हक्क मिळत नाही, पण वस्तीचं बेट कितीही लहान असलं तरी मिळतो. आसपास दुसरा देश नसेल तर बेटाभोवती ३७० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ पडतं आणि त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट अवघं १२२ चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या वाट्याचा समुद्र साडेतीन हजार पटींहून मोठा आहे.

मात्र हा आकडा फसवा आहे. महासागरातली बरीच बेटं म्हणजे खोल तळातून उभा राहिलेला एखादा ज्वालामुखी. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ झपाट्याने खाली जातो. खडकात, प्रवाळात राहणारे मासे, शेवंड (लॉब्स्टर), शिंपले या सगळ्यांना उथळ पाणी लागतं आणि ते मिळतं फक्त बेटाला वेढणाऱ्या अरुंद कड्यात. शेत कागदावर लाखो एकरांचं, पण पीक येतं ते बांधालगतच्या चार सऱ्यांत, अशी ही स्थिती आहे.

बाहेरच्या निळ्या पाण्यात ट्यूनासारखे भटके मासे असतात. ते आज इथे, महिन्याभराने हजार किलोमीटरवर. त्यांच्यासाठी बेट म्हणजे वाटेवरचं एक घर, म्हणून त्यांचं व्यवस्थापन अनेक देशांना मिळून करावं लागतं. कड्यातले मासे मात्र तिथलेच. त्यांची अंडी आणि पिल्लं मुख्यतः त्याच पाण्यात फिरून तिथेच स्थिरावतात. दूरच्या बेटावर मासे संपले तर शेजारून भर पडेल अशी आशा फार धरता येत नाही, कारण शेजार शेकडो किलोमीटर लांब असतो. म्हणून बातमीतला लाखांचा आकडा वाचताना मी आधी शोधतो ते हे, की त्या अरुंद कड्याचं काय ठरलं. असेन्शनवर व्यापारी बोटी बाहेर गेल्या, पण किनाऱ्यालगत बेटवासीयांची गळाची मासेमारी चालूच आहे. तिथल्या खडकांतल्या माशांचं पुढे काय होणार, हे त्या गळांवर अवलंबून आहे.

### किती धरले तर चालतील?

एका भागात राहणाऱ्या आणि आपसात वीण करणाऱ्या एका जातीच्या माशांना मिळून ‘साठा’ म्हणतात. साठ्यातून दरवर्षी काही मासे मरतात, काही नवे जन्मतात, उरलेले वाढतात. मरणाऱ्यांपेक्षा भर जास्त असेल तर तेवढी जादा भर काढून घेता येते आणि साठा होता तेवढाच राहतो.

विहिरीचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. झरा जितकं पाणी देतो तितकाच उपसा करावा. उदाहरण चांगलं आहे, पण मासे एका बाबतीत विहिरीहून वेगळे आहेत. विहीर पार उपसली तरी झरा वाहतच राहतो. माशांचा झरा म्हणजे मासेच. मागे किती उरले, यावर पुढची भर ठरते. त्यामुळे बियाण्याची उपमा अधिक नेमकी बसते. सगळं धान्य दळून खाल्लं तर पुढच्या पेरणीला काय वापरणार?

उलट टोकही आहे. समुद्र माशांनी गच्च भरलेला असेल तर अन्न आणि निवारा अपुरा पडतो, पिल्लं जगत नाहीत, वाढ खुंटते. सर्वांत सोप्या गणितानुसार साठा मूळच्या साधारण निम्म्यावर असताना वार्षिक भर सर्वाधिक असते. या सर्वाधिक भरीला ‘कमाल शाश्वत उत्पादन’ म्हणतात. अनेक वर्षं जगभर याच शिखरावर डोळा ठेवून परवानग्या दिल्या गेल्या. शिखरावर उभं राहण्यातला धोका असा की एक पाऊल चुकलं की घसरण सुरू होते. साठ्याचा अंदाज थोडा जरी जास्त निघाला तरी आपण भर समजून बियाणं खाऊ लागतो. म्हणून आता शहाणपणाचे नियम शिखराच्या अलीकडे थांबतात. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये जगातले ३७.७ टक्के सागरी साठे झेपेल त्याहून जास्त उपसले जात होते.

### ‘पण मासे तर अजून भरपूर मिळताहेत!’

हा आक्षेप प्रत्येक बंदरावर ऐकू येतो आणि तो खोटेपणाने घेतलेला नसतो. जाळं खरंच भरलेलं असतं. चूक जाळ्यात नसते, जाळ्यावरून काढलेल्या निष्कर्षात असते.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर उभे राहा. तोबा गर्दी दिसेल. त्या गर्दीवरून कुणी गावाची लोकसंख्या काढली तर? गाव अर्धं रिकामं झालेलं असलं तरी स्थानक भरलेलंच दिसेल, कारण जे आहेत ते सगळे एकाच वेळी तिथे येतात.

कॅरिबियन समुद्रातल्या केमन द्वीपसमूहात नेमकं हेच घडलं. नासाऊ ग्रूपर हा हेकरूच्या कुळातला मोठा मासा. वर्षभर तो आपापल्या कपारीत एकटा राहतो. हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास मात्र आख्ख्या बेटाभोवतीचे ग्रूपर कित्येक किलोमीटर पोहत एकाच ठरलेल्या जागी जमतात आणि तिथे काही रात्रींत वर्षाची वीण उरकतात. २००१ मध्ये लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाशी असा एक मेळावा मच्छीमारांना सापडला. सुमारे सात हजार मासे तिथे होते. दोन हिवाळ्यांत त्यातले जवळपास चार हजार धरले गेले.

त्या दोन हिवाळ्यांत बोटीवरच्या माणसाला काय दिसलं असेल? गळ टाकावा आणि मासा लागावा. टंचाईची खूण कुठेच नाही. एका दिवसाच्या मेहनतीला किती मासे मिळाले, हे एरवी साठ्याचं चांगलं माप असतं. पण थवा करून राहणाऱ्या, मेळाव्याला जमणाऱ्या माशांच्या बाबतीत ते शेवटच्या क्षणापर्यंत चांगलंच दिसत राहतं. मग एके वर्षी मेळावा भरतच नाही. कॅरिबियनमधले कितीतरी मेळावे असेच नाहीसे झाले.

लिटल केमनचं नशीब बलवत्तर. २००३ मध्ये तिथल्या सरकारने विणीच्या जागांवर मासेमारी बंद केली.

### शास्त्रज्ञ तरी कुठे बरोबर सांगतात?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा शतकानुशतकं तिथल्या लोकांचा आधार होता. १९८० च्या दशकात सरकारी अंदाज साठा सुधारत असल्याचं सांगत होते. त्या अंदाजांत मोठ्या ट्रॉलरच्या मिळकतीला बरंच वजन होतं. कॉड कमी होत गेला तसा उरलेल्या जागी दाटीने राहू लागला. ट्रॉलरला तो यंत्राने शोधता येत होता, त्यामुळे त्यांची जाळी भरत राहिली. पुन्हा तेच बसस्थानक! किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासे धरणारे मात्र सांगत होते की मासा येत नाही, आला तर लहान येतो. त्यांचं म्हणणं वेळेवर ऐकलं गेलं नाही. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांवर लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी असल्याचं सांगितलं होतं. व्यापारी मासेमारी नव्याने सुरू झाल्याची घोषणा व्हायला २०२४ उजाडलं.

यातून काहीजण शास्त्राला सोडचिठ्ठी द्या असं म्हणतात. मला उलट वाटतं. मोजणी अनेक बाजूंनी हवी होती आणि छोट्या होडीतल्या माणसाची वही मोजणीचाच भाग व्हायला हवी होती. छोट्या बेटाकडे संशोधनाचं जहाज नसतं, पण किती तास समुद्रावर होतो, कुठे होतो, काय मिळालं, त्याची लांबी किती, एवढं प्रत्येक फेरीला लिहिलं गेलं तरी काही वर्षांत त्यातून चित्र उभं राहतं. सरासरी लांबी दरवर्षी घटत असेल तर वजन कितीही भरो, काहीतरी बिघडलं आहे.

त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं होतं, की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात पाहिलेला समुद्रच ‘भरलेला’ समुद्र समजते. आजोबांच्या वेळचा मासा नातवाला बढाई वाटते. लिहून ठेवलेली लांबी बढाई मारत नाही.

### हौशी माणसाच्या चार माशांनी काय होतं?

धंदेवाईक मच्छीमार विरुद्ध हौशी गळवाले, हा वाद छोट्या बेटावर फार कडवट होतो, कारण दोघेही एकमेकांना ओळखतात. हौशी माणूस म्हणतो, माझे चार मासे कुठे आणि त्याची पेटी भरून कुठे. एकेकट्या माणसाचा विचार केला तर बरोबर आहे. बेरीज करून पाहू.

समजा, एका बेटावर बारा बोटींना मिळून वर्षाला ३० टन मासे धरायची परवानगी आहे. या ठरवून दिलेल्या वाट्याला कोटा म्हणतात. त्याच बेटावर रहिवासी आणि पाहुणे मिळून ६०० माणसं वर्षातले दहा दिवस गळ टाकतात. प्रत्येकाला दिवसाला सरासरी दोन मासे मिळतात, दीड दीड किलोचे. गुणाकार केला की १८ टन होतात. यातला एकही मासा कुणाच्या कागदावर नाही. मोजणारा ३० टन गेले असं समजून पुढच्या वर्षाचा कोटा ठरवतो, प्रत्यक्षात ४८ टन गेलेले असतात.

आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रकार खरा आहे. अमेरिकेतल्या चिंताजनक अवस्थेतल्या साठ्यांचा हिशेब २००४ मध्ये एका संशोधनात मांडला गेला. त्यात हौशी मासेमारीचा वाटा २३ टक्के निघाला.

शिवाय दोघांवरच्या नियमांची जात वेगळी आहे. कोटा एकूण माशांवर मर्यादा घालतो. हौशी माणसाला ‘दिवसाला पाच’ असा नियम असतो, पण माणसं किती, यावर मर्यादा नसते. पर्यटन दुप्पट झालं की कुणीही नियम न मोडता उपसा दुप्पट होतो. म्हणून हौशी मासेमारीला फुकट का होईना, परवाना असावा आणि परवान्याबरोबर नोंद सक्तीची असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बर्म्युडात शेवंड धरणाऱ्या हौशी पाणबुड्यांना परवाना घ्यावा लागतो आणि काय धरलं ते कळवावं लागतं. तिथे आभाळ कोसळलेलं नाही.

‘आम्ही पकडून सोडून देतो’ असंही सांगितलं जातं. उथळ पाण्यात, काळजीपूर्वक सोडलेला मासा बहुधा जगतो. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटातली हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडाकडे ढकललं जातं. असा मासा सोडला तरी पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या, शार्कच्या तोंडी जातो. त्याला वजनाला अडकवून पुन्हा खोल पाण्यात सोडण्याचं साधं साधन मिळतं, त्याने बरेच मासे वाचतात. टोक आत वळलेला गोल गळ वापरला तर तो घशात न रुतता बहुतेक वेळा जबड्याच्या कडेला लागतो, हाही फायदा.

### मोठे धरा, पिल्लं सोडा, एवढं पुरेसं नाही?

जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, किमान माप, माशाची किमान लांबी, हे नियम जवळपास सगळीकडे असतात. एकदा तरी वीण करू द्यावी हा त्यांचा हेतू चांगला आहे. पण शेतकरी बियाण्यासाठी काय राखतो? सर्वांत भरदार कणसं. माशांच्या बाबतीत आपण भरदार तेवढी उचलतो आणि लहान मागे ठेवतो.

मोठी मादी आकाराच्या मानाने कितीतरी जास्त अंडी देते. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी, दोन दोन किलोच्या २८ माद्या मिळून देतील त्याहून जास्त अंडी देते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. त्या २८ जणींचं वजन ५६ किलो भरतं, तरीही. शिवाय हेकरूच्या कुळातल्या अनेक जातींत मासा आयुष्य मादी म्हणून सुरू करतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. तिथे सगळे मोठे मासे उचलणं म्हणजे नरच संपवणं.

उपाय म्हणजे दोन्हीकडून कुंपण. केमनमध्ये २०१६ च्या नियमांनुसार नासाऊ ग्रूपर १६ ते २४ इंचांच्या दरम्यान असेल तरच ठेवता येतो, त्याहून लहान नाही आणि त्याहून मोठाही नाही. एका बोटीला दिवसाला पाच. डिसेंबर ते एप्रिल पूर्ण बंद. बोट धंद्याची की हौसेची, हे मासा विचारत नाही आणि हा नियमही विचारत नाही.

### समुद्र बंद केला तर आम्ही जगायचं कसं?

सर्वांत कळीचा आणि सर्वांत न्याय्य आक्षेप हा. पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला ‘दहा वर्षांनी बघा’ असं सांगणं सोपं नाही.

फिलिपिन्समधल्या सुमिलोन या छोट्या बेटाभोवतीच्या प्रवाळाचा सुमारे पाव भाग १९७४ मध्ये मासेमारीला बंद केला गेला. दहा वर्षं बंदी पाळली गेली. १९८४ मध्ये ती मोडली आणि राखीव भागातही मासेमारी सुरू झाली. आता धरायला जागा जास्त होती, म्हणजे मिळकत वाढायला हवी. दोन वर्षांत संपूर्ण बेटाची मिळकत जवळपास निम्म्यावर आली. राखीव पाण्यात वाढलेले मासे कुंपणाबाहेर जात होते आणि बाहेरच्यांची जाळी त्यांच्यावर भरत होती, हे त्या घसरणीने दाखवून दिलं. जवळच्या आपो बेटाने १९८२ मध्ये राखलेला तुकडा गावकऱ्यांनी पुढेही टिकवला. तिथे मोठ्या माशांची संख्या वाढत गेलेली अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदवली आहे. इंग्लंडच्या लंडी बेटापाशी २००३ मध्ये अवघे सव्वातीन चौरस किलोमीटर पाणी पूर्ण बंद केलं. चारेक वर्षांत आतल्या मोठ्या लॉब्स्टरची संख्या बाहेरच्यापेक्षा पाचपट झाली.

तरीही बंदी हे सगळ्यावरचं औषध मानू नये. ट्यूनासारख्या भटक्या माशाला छोट्या राखीव तुकड्याचा फारसा उपयोग नाही. आणि बंद तुकडा नेहमी गरीब होडीवाल्याच्या दारातलाच निवडला गेला, तर तो अन्याय आहे आणि अन्यायाचे नियम रात्री मोडले जातात.

### बाहेरच्या बड्या बोटींचं काय?

छोट्या देशाकडे गस्तीची एखादीच बोट असते, कधी तीही नसते. आता उपग्रहांवरून जहाजांचा माग घेता येतो, पण माग लागल्यावर पकडायला आणि खटला चालवायला शेजाऱ्यांची मदत लागते. इथे एकी कामाला येते. पॅसिफिकमधल्या आठ बेटराष्ट्रांच्या गटाने परदेशी ट्यूना बोटींना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली. एकूण दिवस ठरलेले, प्रत्येक दिवसाची किमान किंमत ठरलेली. ती किंमत ८,००० अमेरिकन डॉलरपर्यंत पोहोचली. आधी एकेका देशाला वेगळं गाठून दर पाडणारे व्यापारी या एकीपुढे नमले.

सेंट हेलेनाने वेगळी वाट धरली. ट्यूना धरायचा तर गळाने, एका वेळी एकच. अशा मासेमारीत नको असलेले कासव, शार्क, पक्षी जवळजवळ सापडतच नाहीत.

### नियम पाळणार कोण?

चराऊ रान सगळ्यांचं असलं की कुणाचंच राहत नाही, असं मानणारा मोठा वर्ग आहे. त्यांच्या मते एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाही तर मालकी वाटून द्यावी. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरचे अनुभव तपासून दाखवलं की लोक स्वतःहूनही सामायिक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. हक्कदार कोण ते ठरलेलं असावं, नियम करण्यात त्यांचा आवाज असावा, देखरेख त्यांच्यापैकीच कुणाची असावी आणि चुकल्यास शिक्षा सौम्यापासून सुरू होऊन वाढत जावी. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पलाऊत तर उपग्रह येण्याच्या कितीतरी आधीपासून गावाचे प्रमुख ‘बुल’ जाहीर करून ठरावीक पाणी काही काळ बंद ठेवत आले आहेत.

ट्रिस्टन दा कुन्हाची अर्थव्यवस्था शेवंडीवर उभी आहे. तिथे प्रत्येक बेटाचा कोटा वेगळा असतो, सगळ्या द्वीपसमूहाचा एकत्र नव्हे, कारण एका बेटाची शेवंड संपली तर दुसऱ्याची येऊन ती जागा भरत नाही. हवा बरी असेल त्या दिवशी पहाटे गॅसची रिकामी टाकी घंटेसारखी बडवतात आणि होड्या निघतात. २०११ मध्ये एक मालवाहू जहाज नाइटिंगेल बेटावर आदळलं, तेल सांडलं आणि तिथली शेवंड मासेमारी बंद ठेवावी लागली. एवढे काटेकोर राहूनही बाहेरचं एक जहाज घात करू शकतं, म्हणून जवळून जाणाऱ्या जहाजांना दूर ठेवणं हेही आता तिथल्या मासे राखण्याचा भाग आहे.

### किती वर्षं थांबायचं?

लिटल केमनकडे पुन्हा जाऊ. २००३ च्या बंदीनंतर दरवर्षी पौर्णिमेला पाणबुडे मेळाव्याच्या जागी उतरत राहिले. काही माशांना खुणेची पट्टी लावायची, मग थव्याचं चित्रीकरण करून शंभरांत किती पट्टीवाले दिसतात ते मोजायचं आणि त्यावरून सगळ्यांची संख्या काढायची, ही त्यांची पद्धत. बंदी पाळूनही पहिली काही वर्षं आकडा फारसा हलला नाही. नासाऊ ग्रूपर वयात यायला चार ते सात वर्षं लागतात आणि जन्मलेल्या पिल्लांतली जगणारी तुकडी दरवर्षी मोठी निघतेच असं नाही. बंदी उठवा म्हणायला तेव्हा कुणालाही जागा होती. ती उठली नाही, मुदत संपत आल्यावर वाढवली गेली. हजार-दीड हजारांवर आलेला मेळावा २०१८ च्या सुमारास पुन्हा सात हजारांपर्यंत पोहोचला होता. २००१ मध्ये सापडला तेव्हा होता, तेवढा.